माझ्याच श्रद्धेविरुद्ध युक्तिवाद कसा करू?

एका वाचक विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. तिच्या विनंतीवरून नाव छापत नाही. पत्राचा मुख्य भाग असा:

“मॅडम, मी पाच वर्षांच्या लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. या सत्रात घटनेच्या पेपरला भाषणस्वातंत्र्य आणि धर्मस्वातंत्र्य आहे. मूटची, म्हणजे कॉलेजातल्या सराव-खटल्याची, केस अशी आहे: एका संताच्या आयुष्यावरच्या नाटकाला परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या मंडळाचं, प्रमाणपत्र मिळालं. भक्तांच्या एका संघटनेने प्रयोग उधळण्याची धमकी दिली आणि पोलिसांनी प्रयोगच बंद केले. मला नाटककाराची बाजू आली आहे. आमचं घर वारकरी, आजोबांच्याही आधीपासून वारी आहे. बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, ‘संतांविरुद्ध बोलायला तुला वकील करतोय का?’ मलाही आतून खोटं वागल्यासारखं वाटतं. वर्गात शाळा-कॉलेजांतल्या हिजाबबंदीच्या निकालावरून इतकं वाजलं की मी आता तोंडच उघडत नाही. निकाल वाचावे तर एक म्हणतो एक, दुसरा म्हणतो दुसरंच. इंटर्नलला मी ‘दोन्ही अधिकारांचा समतोल साधला पाहिजे’ असं लिहिलं, दहापैकी चार मिळाले. पुढे याच विषयात काही करावं असं मनात होतं. माझ्यासारखीने करावं का?”

प्रिय मैत्रिणी,

करावं. का, ते सांगते, पण आधी बाबांचा प्रश्न घेऊ. पत्रात सगळ्यात जड तोच आहे.

नाटकात संतांचा अपमान आहे की नाही, हे मूटमध्ये तुला कुणी विचारलेलंच नाही. तुझ्यापुढचा प्रश्न इतकाच आहे: प्रमाणपत्र मिळालेला प्रयोग, तिसऱ्याच कुणी हाणामारीची धमकी दिली म्हणून पोलीस बंद करू शकतात का? तू ‘नाही’ म्हणतेस, तेव्हा त्या नाटकाच्या प्रत्येक संवादाखाली सही करत नाहीस. उद्या एखाद्या कीर्तनाला अशीच धमकी आली आणि पोलिसांनी धमकी देणाऱ्यांना हात न लावता कीर्तनकारालाच घरी पाठवलं, तर त्या कीर्तनकाराचा वकील हाच युक्तिवाद करेल, याच निकालांच्या आधारे. बाबांना एवढं सांगून पाहा. पटलं नाही तरी ते ऐकतील असं मला वाटतं, कारण वारीला जाणाऱ्या माणसाला रस्ता अडवला जाणं म्हणजे काय ते समजतं.

तुझ्या बाजूचा पाया १९८९ च्या एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या निकालात आहे. आरक्षणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाचं प्रमाणपत्र मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबणं म्हणजे धाकदपटशाला शरण जाणं. अभिव्यक्तीचं रक्षण करणं हे राज्याचं कर्तव्य आहे आणि विरोधकांचा जमाव आवरता येत नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. २०१९ चा इंडिबिली क्रिएटिव्ह विरुद्ध पश्चिम बंगाल सरकार हा निकाल तर तुझ्या वस्तुस्थितीच्या फारच जवळचा आहे. प्रमाणपत्र असलेला चित्रपट चित्रपटगृहांतून उतरवला गेला आणि न्यायालयाने निर्मात्यांना २० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. हे दोन्ही मुळातून वाच, हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशावर, थांबू नकोस.

आता ज्यामुळे तुझे सहा गुण गेले तिकडे वळते, कारण मूटमध्येही तिथेच पाय घसरेल. ‘भक्तांचा धर्माचा अधिकार एका पारड्यात आणि नाटककाराचा बोलण्याचा अधिकार दुसऱ्या पारड्यात’ असं चित्र डोळ्यांपुढे ठेवून तू उत्तर लिहिलंस. घटनेचा मजकूर असं चित्र काढत नाही. अनुच्छेद १९(१)(क) बोलण्याचं स्वातंत्र्य देतो आणि १९(२) मध्ये ते कोणकोणत्या कारणांसाठी मर्यादित करता येईल याची यादी आहे: भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राज्यांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, अपराधाला चिथावणी. ‘धार्मिक भावना दुखावणे’ या यादीत नाही. त्या भावनांना आत यायचं असेल तर बहुधा ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ या दारातूनच यावं लागतं आणि तिथे राज्याला पुरावा द्यावा लागतो. ही यादी परिपूर्ण आहे, दुसऱ्या एखाद्या मूलभूत अधिकाराचा हवाला देऊनही तिच्यात नवं कारण घुसवता येणार नाही, असं २०२३ मध्ये कौशल किशोर विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं. तुझ्या मेमोरियलमध्ये, म्हणजे मूटच्या लेखी युक्तिवादात, हे यायलाच हवं. मात्र सावध राहा: अनुच्छेद १९ आणि २१ (जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) चे अधिकार राज्याखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतील, असं त्याच निकालात बहुमताने म्हटलं आहे. समोरचा हुशार असेल तर तो त्यावर बोट ठेवेल, आणि बेंचवरचे तर नक्कीच ठेवतील.

समोरच्याच्या हातात काय आहे, हे त्याच्याआधी तू जाणून घे. तो रामजीलाल मोदी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, १९५७, घेऊन येईल. पाच न्यायाधीशांनी त्यात भारतीय दंड संहितेचं कलम २९५-अ वैध ठरवलं. मुद्दाम आणि दुष्ट हेतूने केलेला धर्माचा अपमान सुव्यवस्था बिघडवण्याकडेच झुकतो, म्हणून ‘सुव्यवस्थेच्या हितासाठी’ त्याला शिक्षा देता येते, असं ते तर्कशास्त्र आहे. तुझं उत्तर १९६० च्या राममनोहर लोहिया निकालात सापडेल. कालव्याच्या पाण्याचे वाढीव दर भरू नका, असं लोहियांनी लोकांना सांगितलं म्हणून त्यांच्यावर खटला झाला होता. भाषण आणि बिघडलेली सुव्यवस्था यांच्यात निकटचा संबंध हवा, दूरचा आणि कल्पनेतला चालणार नाही, असं न्या. सुब्बा राव यांनी लिहिलं. तेही पाच न्यायाधीशांचंच पीठ. या दोन निकालांमध्ये जो ताण आहे तो अजून पूर्ण सुटलेला नाही, आणि मला विचारशील तर भाषणस्वातंत्र्याचा अर्धा अभ्यास त्या ताणातच आहे. ‘हेतू दुष्ट आहे’ हे मंडळाने प्रमाणपत्र दिलेल्या संहितेबद्दल सिद्ध करणं राज्याला जड जाईल. तिथे धर.

आणखी एक निकाल तुला माहीत असावा, तो आपल्या मातीतला आहे म्हणून नव्हे तर अतिशय उपयोगाचा आहे म्हणून. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी भगवती चरण शुक्ला प्रकरणात शब्दांचा परिणाम कोणाच्या मनावरून मोजायचा ते ठरवून दिलं: समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मनावरून, प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या डळमळीत मनावरून नव्हे. स्वातंत्र्य अजून मिळायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. ही कसोटी आजही जिवंत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये जावेद अहमद हजाम प्रकरणात रद्द केला, त्यात ती वापरली. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात, एका कवितेवरून झालेल्या गुन्ह्यात, पुन्हा वापरली.

आता धर्मस्वातंत्र्य. ‘एक म्हणतो एक, दुसरा म्हणतो दुसरंच’ असं तू लिहिलंस. तुझं वाचन बरोबर आहे. निकाल खरोखरच एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. विद्यार्थी इथे घाबरतात, आपल्याला कळत नाही असं समजून गाइड उघडतात, आणि गाइडमध्ये सगळं एका सरळ रेषेत मांडलेलं असतं. त्या रेषेवर विश्वास ठेवू नकोस.

१९५४ मध्ये शिरूर मठाच्या प्रकरणात सात न्यायाधीशांच्या वतीने न्या. मुखर्जी यांनी लिहिलं की एखाद्या धर्माचा सारभूत भाग कोणता, हे मुख्यतः त्या धर्माच्या स्वतःच्या शिकवणीवरून ठरवायचं. त्याच वर्षी आपल्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या काही तरतुदींवर रतिलाल गांधी प्रकरणात हाच सूर लागला. मग १९६१ चं अजमेर दर्गा समितीचं प्रकरण येतं. न्या. गजेंद्रगडकर म्हणतात की काही प्रथा धार्मिक दिसत असल्या तरी निव्वळ अंधश्रद्धेतून आलेल्या, बाहेरून चिकटलेल्या असू शकतात, आणि त्या न्यायालयाने नीट तपासून घ्यायला हव्यात. सात वर्षांत केवढं अंतर पडलं बघ. आधी धर्माचं म्हणणं ऐकून घेणारं न्यायालय आता धर्मातलं काय खरं आणि काय उपरं ते निवडू लागलं. गजेंद्रगडकर हे सातारचे, संस्कृत पंडितांच्या घराण्यातले, सुधारणेवर मनापासून विश्वास असलेले न्यायाधीश होते, हे लक्षात ठेवून तो निकाल वाचलास तर त्यातला आत्मविश्वास कुठून येतो ते कळेल. तरी मला ती वाट धोक्याची वाटते. तुझ्या घरची तुळशीची माळ धर्माचा सारभूत भाग आहे की नाही, हे तीन अनोळखी माणसांनी ग्रंथ चाळून ठरवावं, असं तुला चालेल का? या प्रश्नाचं उत्तर तू तुझ्या श्रद्धेच्या आतून देऊ शकतेस. ज्याच्या घरात श्रद्धा नाही त्याला ते कल्पनेने द्यावं लागतं. या अभ्यासात ही तुझी जमेची बाजू आहे, आणि ‘माझ्यासारखीने करावं का’ या प्रश्नाला माझा होकार मुख्यतः याच कारणासाठी आहे.

पण लगेच उलट बाजूही पाहा. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी, म्हणजे त्यांच्या धर्मप्रमुखांनी, त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द केला: धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं हा समाजाच्या धर्मविषयक व्यवहारांचा भाग आहे, त्याला अनुच्छेद २६(ख) चं संरक्षण आहे. एकटे सरन्यायाधीश सिन्हा विरोधात गेले. बहिष्कृत माणसाची अवस्था त्यांनी अस्पृश्यतेच्या जवळ नेऊन ठेवली. जातपंचायतींनी कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या बातम्या वाचत आपण मोठे झालो आहोत, २०१६ मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, तेव्हा सिन्हांचं ते अल्पमत मला आज बहुमतापेक्षा अधिक खरं वाटतं. २०२३ मध्ये घटनापीठाने सय्यदना निकालाचा फेरविचार नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. शबरीमला मंदिरातल्या महिलांच्या प्रवेशावरच्या २०१८ च्या निकालानंतर उठलेले व्यापक प्रश्नही तशाच पीठाकडे पाठवलेले आहेत. परीक्षेच्या आधी ताजी स्थिती सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपास, सीनियरच्या नोट्सवर विसंबू नकोस.

शबरीमला वाचशील तेव्हा न्या. इंदू मल्होत्रा यांचं अल्पमत सगळ्यात आधी वाच. चार विरुद्ध एक मतांच्या त्या निकालात श्रद्धाळूंचं म्हणणं सर्वांत भक्कमपणे त्यांनीच मांडलं आहे. मग न्या. चंद्रचूड यांचं मत वाच. दोन्ही वाचून झाल्यावर कोणाचं पटतं ते ठरव, आणि दुसऱ्याचा कोणता मुद्दा तुला खोडता आला नाही ते वहीत लिहून ठेव. अशी नोंद शेवटच्या वर्षापर्यंत ठेवलीस तर डिझर्टेशनचा विषय त्यातूनच निघेल.

भाषण आणि धर्म हे दोन्ही ज्या एका निकालात भेटतात, तो मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते: बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, १९८६. यहोवाज विटनेसेस पंथाची तीन भावंडं. शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत, कारण देवाखेरीज कुणाची प्रार्थना करायची नाही ही त्यांची श्रद्धा. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. केरळ उच्च न्यायालय म्हणालं, राष्ट्रगीतात कुणाच्या धर्माला खटकेल असा एकही शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रश्न तो नाहीच. श्रद्धा आपल्याला तर्काला धरून वाटते का हे पाहायचं नाही, ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे का एवढं पाहायचं.

न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या त्या निकालात प्रश्नांचा क्रम बघ. न गाणं, म्हणजे गप्प राहणं, हे अभिव्यक्तीत येतं का? येतं. मग अडवलं कोणी? राज्याच्या शिक्षण खात्याने. कोणत्या कायद्याने? राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा गाण्यात अडथळा आणणाऱ्याला शिक्षा देतो, गप्प उभ्या राहणाऱ्याला नाही. उरली खात्याची परिपत्रकं, आणि त्यांना वैधानिक आधार नाही. १९(२) खाली निर्बंध घालायचा तर ‘कायदा’ लागतो, परिपत्रक पुरत नाही. इथेच खरं तर राज्याची बाजू कोसळते, सहिष्णुतेवरची त्या निकालातली सुंदर वाक्यं नंतर येतात. आमच्याकडे मुलं ती शेवटची वाक्यं पाठ करतात आणि मधला हा सांगाडा सोडून देतात.

तुझ्या मूटला हाच क्रम लाव. पोलिसांचा आदेश कोणत्या कलमाखाली निघाला? महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं नाव मूटच्या प्रॉब्लेममध्ये आहे का, की नुसता ‘तोंडी आदेश’ असं लिहिलंय? तोंडी असेल तर तुझा पहिला मुद्दा तुला मिळाला, आणि भावना दुखावल्या की नाही या वादात शिरण्याआधीच अर्धी लढाई झाली. इंटर्नलच्या उत्तरातही समतोल हा शब्द या पायऱ्या चढून झाल्यावर यायला हवा होता. पहिल्याच ओळीत आला, म्हणून चार गुण.

वर्गातल्या भांडणाबद्दल: हिजाबच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायाधीशांचंच एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदीविरुद्धची अपिलं फेटाळली, न्या. सुधांशू धुलिया यांनी मान्य केली. धुलियांनी बिजो इमॅन्युएलचा आधार घेतला, गुप्तांना तो इथे लागू पडत नाही असं वाटलं. म्हणजे दोन तज्ज्ञ एकाच निकालावरून वेगळे झाले. वर्गात बोलायची वेळ आली की ‘मला वाटतं’ ऐवजी ‘धुलिया म्हणतात, त्यावर गुप्तांचं उत्तर असं आहे’ इथून सुरुवात कर. आवाज आपोआप खाली येतात, कारण आता कागदाशी भांडावं लागतं. आणि त्या वर्गात हिजाब घालणारी कुणी असेल, तर तिच्यासाठी ही चर्चा फक्त पेपरपुरती नाही, हे बोलताना मनात असू दे. तू गप्प बसू नकोस. ज्या विषयात तू अभ्यास करणार आहेस तो विषयच मुळी बोलण्याचा आहे.

इंग्रजीची भीती पत्रात तू लपवली आहेस, पण दिसते. सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांची मराठी भाषांतरं ऑनलाइन उपलब्ध करून दिली आहेत. आधी ती वाचून गोष्ट समजून घे, मग इंग्रजी मूळ निकालातले महत्त्वाचे परिच्छेद वाच आणि उद्धृत तेच कर, कारण न्यायालयात मूळच चालतं. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा टीपा नसलेला मूळ मजकूर, मात्र रोज हातात हवा. अनुच्छेद १९ फक्त नागरिकांना आहे, धर्मस्वातंत्र्याचा २५ सर्व व्यक्तींना. २५ हा ‘या भागातील इतर तरतुदींच्या अधीन’ आहे, धार्मिक संप्रदायांना अधिकार देणाऱ्या २६ मध्ये ते शब्द नाहीत. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हेच विचारतात. १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले आहेत: २९५-अ चं भारतीय न्याय संहितेत २९९ झालं, गटागटांत वैर पसरवण्याबद्दलच्या १५३-अ चं १९६. जुने निकाल जुन्या आकड्यांनी आणि आजचा युक्तिवाद नव्या आकड्यांनी, अशी सवय लाव. अमेरिकन निकाल आकर्षक असतात, पण त्यांच्या घटनेत आपल्या १९(२) सारखी यादी नाही, म्हणून त्यांची कसोटी उचलून इथे बसवू नकोस.

बाबांसाठी एक काम. मूटच्या आधी एका संध्याकाळी त्यांना समोर बसव आणि दोन्ही बाजू मराठीतून मांड, पण पहिल्यांदा पोलिसांची आणि भक्तांची. इतक्या जीव ओतून मांड की त्यांना वाटावं, मुलगी आपल्या बाजूने उभी राहिली आहे. मग नाटककाराची मांड. मधे थांबवून ते जे विचारतील ते लिहून घे. बेंच जे प्रश्न विचारेल त्यांतले बरेच त्यात असतील, आणि वकील नसलेल्या माणसाला उत्तर पटवता आलं की न्यायाधीशांना पटवणं सोपं जातं. आतून खोटं वाटतंय म्हणालीस ना, ते भक्तांची बाजू तू अजून एकदाही मोठ्याने मांडलेली नाहीस म्हणून. ती मांड, म्हणजे दुसरी मांडताना अडखळणार नाहीस.

मेमोरियल लिहून झालं की पाठव. प्रॉब्लेममधला पोलिसांचा आदेश शब्दशः सोबत जोड, त्याशिवाय मला पुढचं काही सांगता येणार नाही.